रोजच्या स्वयंपाकाची कृती : एका उपेक्षित गद्यप्रकाराविषयी

१

पाककृती हा गद्याचा एक प्रकार आहे, आणि त्याची चिकित्सा इतर गद्यप्रकारांप्रमाणेच व्हावयास हवी, असे म्हटल्यास काही वाचकांना नवल वाटेल. स्वयंपाकाची पुस्तके आपण वाङ्मयाच्या दालनात ठेवीत नाही. त्यांची जागा फडताळात, मसाल्याच्या डब्याशेजारी. परंतु लेखकाच्या शब्दांची परीक्षा त्याच दिवशी, त्याच घरात आणि चार माणसांच्या देखत होते असा दुसरा गद्यप्रकार शोधून सापडणे कठीण. निकृष्ट कविता वाचक बाजूला ठेवतो व विसरतो. निकृष्ट कृतीपायी डाळ, तेल, जळण आणि सायंकाळचे जेवण ही सारीच वाया जातात.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. रोजच्या स्वयंपाकासाठी चांगली कृती कशी शोधावी आणि ती चांगली आहे हे चूल पेटवण्यापूर्वी कसे ओळखावे, एवढाच तो प्रश्न. सणावाराच्या पक्वान्नांच्या कृतींची वाण नाही. पुरणपोळी, चिरोटे, बासुंदी यांवर पानेच्या पाने सापडतात. अडचण येते ती आमटी, उसळ, पालेभाजी, पिठले, भाकरी, साधा भात यांच्यापाशी. हे पदार्थ इतके परिचित मानले गेले की ते लिहून ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही. ज्यांनी ते रोज पाहिले त्यांना ती नव्हतीही. परंतु नोकरीनिमित्त दिल्लीस, कलकत्त्यास किंवा बंगळूरला एकट्याने राहणारा मराठी तरुण, स्वयंपाकघरात पाऊल न ठेवता वाढलेली मुलगी किंवा उतारवयात प्रथमच चुलीपुढे उभा राहिलेला विधुर, अशांची संख्या आज लहान नाही. त्यांच्या शेजारी कोणी उभे नसते. त्यांना जे काही मिळावयाचे ते शब्दांतूनच.

२

आपल्याकडे अन्नाविषयी लिखाण कमी नाही, पण पाकाविषयी ते विरळ आहे. अन्न कोणी कोणाच्या हातचे घ्यावे, कोणत्या ऋतूत काय पथ्यकर, कोणत्या व्रताला काय वर्ज्य, याची चर्चा धर्मशास्त्रात व वैद्यकात विपुल आहे. प्रत्यक्ष पदार्थ कसा करावा हे सांगणारे ग्रंथ मात्र मोजकेच. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, भारतीय पाकपुस्तकांवरील आपल्या निबंधात नेमका हाच विरोध दाखवून दिला आहे. जे मोजके ग्रंथ आहेत तेही बहुधा राजाश्रयाचे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरण आहे. त्यात मांड्यांचा पूर्वज असलेला मंडक आहे, मांसाचे नाना प्रकार आहेत. सतराव्या शतकातील रघुनाथ पंडितांचे ‘भोजनकुतूहल’ तंजावरच्या भोसल्यांच्या दरबाराशी निगडित आहे. भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. दुसऱ्या सरफोजीच्या नावाशी जोडलेले ‘शरभेंद्रपाकशास्त्र’ हेही तंजावरचेच, आणि ते मराठीत आहे. हे ग्रंथ मोलाचे आहेत. परंतु त्यांचा वाचक मुदपाकखान्यातील आचारी किंवा त्याचा धनी होता. चार माणसांच्या घरात सकाळी साडेनऊला डबा भरावयाचा आहे, ही त्यांची चिंता नव्हती.

छापखान्याबरोबर वाचक बदलला. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ निघाले. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झाले. या शीर्षकातच स्थित्यंतर सामावले आहे. ग्रंथ आता शास्त्र राहिला नाही, मित्र झाला. आणि त्याला उद्देशून वाचणारी व्यक्ती घरातली गृहिणी होती. पुढे १९५१ मध्ये मद्रासला एस. मीनाक्षी अम्माळ यांचे ‘समैत्तुप् पार्’ हे तमिळ पुस्तक आले. ‘करून पाहा’ असा त्या नावाचा भाव. १९७० मध्ये मराठीत कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. ही दोन्ही पुस्तके नववधूंना भेट देण्याची प्रथा त्या त्या प्रांतांत पडली, हा योगायोग नव्हे. दोन्ही पुस्तकांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती. वाचणारीपाशी बुद्धी आहे, हात आहेत, भांडी आहेत. फक्त शेजारी सासू किंवा आई नाही. मीनाक्षी अम्माळांनी प्रमाणे निश्चित सांगितली. कमलाबाईंनी प्रत्येक घरात असणारी वाटी आणि चमचा हीच मापे धरली. माजघरातील ज्ञान घराबाहेर नेण्याची ही युक्ती दिसते तितकी सामान्य नाही.

३

चांगल्या व वाईट कृतीतील भेद उदाहरणाशिवाय स्पष्ट होत नाही. म्हणून तुरीच्या डाळीची आमटी घेऊ. तिची कृती अनेक ठिकाणी साधारणपणे अशी लिहिलेली आढळते :

तुरीची डाळ शिजवून घ्यावी. तेलाची फोडणी करून तीत डाळ घालावी. चिंच, गूळ, मीठ व मसाला घालून उकळी आणावी.

या तीन वाक्यांत व्याकरणाची चूक नाही, वस्तुस्थितीचीही नाही. ज्याला आमटी येते त्याला ती पुरेशी आहेत. ज्याला येत नाही त्याला त्यांपासून काहीही मिळत नाही. म्हणजेच ही कृती नव्हे, स्मरणार्थ केलेले टिपण होय. आता हीच आमटी दुसऱ्या रीतीने लिहू :

चार माणसांसाठी पाऊण वाटी तुरीची डाळ धुऊन अर्धा तास भिजवावी. दीड वाटी पाणी व चिमूटभर हळद घालून, दाणा दोन बोटांत धरताच विरून जाईल इतकी मऊ शिजवावी आणि पळीने घोटावी. दोन मोठे चमचे तेल तापत ठेवावे. मोहरीचा एक दाणा टाकून पाहावा. तो लगेच तडतडला तरच बाकीची अर्धा चमचा मोहरी घालावी. तडतड ओसरू लागली की जिरे, मग आच कमी करून हिंग, हळद व कढीलिंब घालावा आणि वेळ न दवडता घोटलेली डाळ ओतावी. अडीच वाट्या गरम पाणी घालावे. उकळी फुटल्यावर सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, एक चमचा गोडा मसाला व चवीपुरते मीठ घालावे. चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत आणि पाणी व डाळ वेगवेगळी दिसेनाशी होईपर्यंत मंद आचेवर उकळू द्यावे. याला सात-आठ मिनिटे लागतात. पळी उचलली असता तिच्या पाठीवर पातळ थर राहिला की आमटी झाली. कढीलिंब नसल्यास चालेल. हिंग मात्र वगळू नये.

दुसरी कृती लांब आहे, परंतु तिचे वैशिष्ट्य लांबी नव्हे. तीत तीन प्रकारची माहिती आहे. पहिली मापांची, दुसरी क्रमाची, तिसरी खुणांची. दाणा बोटांत विरणे, मोहरीचा पहिला दाणा तडतडणे, कच्चा वास जाणे, पळीच्या पाठीवर थर राहणे, या त्या खुणा. मापे चुकली तरी खुणांवरून मार्ग सापडतो. खुणाच नसतील तर अचूक मापेही दगा देतात. डाळ जुनी असेल, पाणी जड असेल, तर तीच डाळ त्याच वेळात शिजत नाही. घड्याळ हे जाणत नाही, बोटे जाणतात.

क्रमामागेही कारण असते, आणि चांगला लेखक ते एका वाक्यात सांगून जातो. चिंच डाळ शिजल्यावर घालावयाची, कारण आंबट द्रव्यामुळे डाळीचे दाणे मऊ होण्यास विलंब लागतो. आधी घातली तर तासभर शिजवूनही डाळ टणक राहते. मोहरी आधी आणि हिंग-हळद नंतर, कारण मोहरीच्या दाण्यातील ओलाव्याची वाफ होऊन टरफल फुटावयास कडक तेल लागते, तर त्याच तेलात हळदीची पूड क्षणात करपते. मेथीचे दाणे घालावयाचे असतील तर ते तांबूस होताच थांबावे. काळपट झाले की संपूर्ण भांडे कडू होते. कारण कळले की वाचक कृतीचा गुलाम राहत नाही. उद्या चिंचेऐवजी आमसूल किंवा टोमॅटो वापरावयाचे झाल्यास तेही डाळ शिजल्यावरच घालावे, हे त्याला न सांगता कळते.

४

मापांविषयी दोन टोकाच्या भूमिका आढळतात. एक म्हणते, सर्व काही अंदाजाने. दुसरी म्हणते, सर्व काही ग्रॅममध्ये. दोन्ही अपुऱ्या आहेत.

जुन्या पुस्तकांतील मापे वाचताना तर भाषांतरकाराप्रमाणेच सावध राहावे लागते. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. परंतु शेर हे धान्य मापण्याचेही माप होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, असा तो हिशेब. मापी शेरभर तांदूळ आणि वजनी शेरभर तांदूळ एक नव्हेत, आणि गावोगावचे मापही एक नव्हते. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापे टप्प्याटप्प्याने आली आणि हा गोंधळ बाजारातून गेला. पुस्तकांतून तो गेला नाही. परदेशी पुस्तकांचे मराठीकरण करणारेही याच खड्ड्यात पडतात. अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, जुना इंग्रजी कप सुमारे २८४ चा, ऑस्ट्रेलियातील मोठा चमचा २० मिलिलिटरचा तर इतरत्र बहुधा १५ चा. ‘कप’ला ‘वाटी’ म्हटल्याने भाषांतर मराठी होते, पदार्थ मात्र बिघडतो.

मग वाटीचे माप शास्त्रीय की अशास्त्रीय? त्याचे सामर्थ्य प्रमाणात आहे, परिमाणात नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी हे कोणत्याही वाटीने खरे ठरते, कारण दोन्ही एकाच वाटीने मोजले आहेत. अडचण येते ती जेथे वाटी व चमचा एकाच कृतीत येतात तेथे. वाटी घरोघरी लहानमोठी असते, मिठाचा चमचा साधारण सारखाच. म्हणून चांगले पुस्तक आरंभीच आपली वाटी किती मिलिलिटरची ते सांगून ठेवते. जे पुस्तक एवढे सांगत नाही, त्याने मिठाचा चमचा सांगितला तरी तो अर्धाच घालून चव पाहावी.

प्रमाणालाही मर्यादा आहे. तांदूळ दुप्पट केले म्हणून पाणी नेमके दुप्पट लागत नाही. जे पाणी वाफ होऊन उडते ते तांदळावर नव्हे, भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि आचेवर अवलंबून असते. चौघांची कृती चाळीस जणांसाठी दहापट केली की भात गिजगोळा होतो, आणि दोष तांदळाला दिला जातो.

वेळेच्या बाबतीत तर छापील कृती सर्रास असत्य बोलतात. कांदा ‘पाच मिनिटे’ परतून तांबूस करावा, असे लिहिणारा लेखक एक तर कधी घड्याळाकडे पाहत नाही, किंवा वाचक घाबरेल म्हणून खरे सांगत नाही. मध्यम आचेवर कांदा पाच मिनिटांत पारदर्शक होतो. चांगला तांबूस व्हावयास वीस मिनिटे सहज लागतात. कुकरच्या ‘तीन शिट्ट्या’ ही आजची सर्वांत लोकप्रिय खूण. पण शिट्टी हे वेळेचे माप नव्हे. आच मोठी असेल तर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात, लहान असेल तर पंधरा मिनिटांत. कुकरच्या नेहमीच्या दाबाला पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसपर्यंत तापते. त्या तापमानात डाळ किती वेळ राहिली याला महत्त्व आहे, शिट्टी किती वेळा झाली याला नाही. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून किती मिनिटे ठेवावे हे जी कृती सांगते, ती विश्वसनीय समजावी.

५

खुणांची भाषा ही पाककृतीची खरी भाषा होय, आणि येथे मराठीची संपत्ती पाहण्यासारखी आहे. कोरड्या भांड्यात रवा भाजतात. थोड्या तेलात कांदा परततात. बुडत्या तेलात वडे तळतात. भाकरी निखाऱ्यावर शेकतात. इंग्रजीत ‘फ्राय’ या एका शब्दावर परतणे व तळणे या दोन्ही क्रिया भागवल्या जातात. हिंदीतून भाषांतर करताना निराळी पंचाईत होते. ‘भूनना’ हा हिंदी शब्द चण्यांनाही लागतो आणि तेलातल्या मसाल्यालाही. मराठीत चणे भाजावे लागतात आणि मसाला तेल सुटेपर्यंत परतावा लागतो. जो भाषांतरकार दोन्ही ठिकाणी ‘भाजणे’ लिहितो, तो वाचकाच्या कढईतील मसाला जाळतो.

पाण्यातील क्रियांचेही तसेच. दूध आटवतात, तूप कढवतात, बटाटे उकडतात, ढोकळा वाफवतात, पिठले रटरटते, रस्सा आळतो, लोणचे मुरते. यांतला प्रत्येक शब्द आच किती, पाणी किती, झाकण असावे की नसावे आणि कोठे थांबावे हे एकाच वेळी सांगतो. रवा ‘खमंग’ होणे आणि चकली ‘खरपूस’ होणे यांत वासाचे व रंगाचे जे अंतर आहे, ते कोणत्याही अंशमापकाने सांगता येणार नाही. हे शब्द विशेषणे वाटतात, पण वस्तुतः त्या सूचना आहेत. आजच्या अनेक कृतींतून हे शब्द नाहीसे होऊन सर्वत्र ‘शिजवणे’ व ‘फ्राय करणे’ एवढेच उरते, तेव्हा भाषा गरीब होते हे दुःख दुय्यम. वाचकाची आमटी बिघडते हे मुख्य.

नामांनीही फसगत होते. ‘एक चमचा मसाला’ या शब्दप्रयोगाइतका निष्काळजी शब्दप्रयोग नसेल. गोडा मसाला गोड नसतो. तो जहाल नसतो एवढाच त्या विशेषणाचा अर्थ. त्यात धने, तीळ, सुके खोबरे, दगडफूल यांचा गंध असतो. कोल्हापूरकडचा कांदा-लसूण मसाला म्हणजे मुख्यतः मिरचीचा जाळ. ‘काळा मसाला’ म्हणजे काही घरांत गोडाच मसाला, तर इतर घरांत झणझणीत. एकाच्या जागी दुसरा चमचाभर घातल्यास जेवणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहील. म्हणून कृती कोणत्या गावच्या, कोणत्या घरातल्या फडताळापुढे उभे राहून लिहिली आहे, हे ओळखणे हा वाचनाचा पहिला संस्कार होय.

६

एवढ्या विवेचनानंतर कसोट्या थोडक्यात सांगता येतील. कृती हाती आली की ती प्रथम शेवटपर्यंत वाचावी. मधल्याच एखाद्या वाक्यात ‘रात्रभर भिजवलेले वाल’ दडून बसलेले असतात, आणि ते सायंकाळी सहा वाजता सापडून उपयोग नसतो. नंतर पाहावे की ती किती माणसांसाठी आहे. जिने हे सांगितले नाही तिने कोणासाठीही काही सांगितले नाही. तिसरे, तीत खुणा किती आहेत ते मोजावे. निदान प्रत्येक थांबण्याच्या जागी एक खूण हवी. चौथे, काय वगळता येते व काय वगळता येत नाही हे लेखकाने सांगितले आहे काय? रोजच्या स्वयंपाकात एखादा जिन्नस नसणे हाच नियम असतो. ज्याने हे ध्यानात घेतले नाही त्याने रोजचा स्वयंपाक केलेला नाही. पाचवे, भांडी, आच आणि वेळ आपल्या घरासारखी आहेत काय? वीस जिन्नस आणि चार भांडी मागणारी भाजी उत्तम असेल, पण ती रविवारची.

अशी कृती सापडल्यावर पहिल्या वेळी ती लिहिल्याप्रमाणेच करावी. प्रथमच फेरफार करून नंतर कृतीला नावे ठेवणे म्हणजे संहिता न वाचता तिच्यावर टीका करणे. दुसऱ्या वेळी मात्र समासात लिहावे : मीठ पाऊण चमचाच, आपल्या शेगडीवर दहा मिनिटे, मुलांसाठी मिरची अर्धी. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती कृती पुस्तकाची राहत नाही, घराची होते. अशा पंधरा-वीस कृती हाताशी असल्या की घर चालते. हजार कृतींच्या संग्रहातून रोजच्यासाठी उपयोगी पडणाऱ्या बहुधा तेवढ्याच निघतात, आणि कृतींचा शोध हा मुळात संग्रहाचा नसून निवडीचा व्यवहार आहे. आज दूरध्वनीच्या पडद्यावर हव्या त्या पदार्थाच्या शेकडो चित्रफिती क्षणात दिसतात. त्यामुळे खुणा डोळ्यांना दिसू लागल्या हा मोठाच लाभ आहे. परंतु चित्रफितीत वास येत नाही, आणि बोटांत धरलेला दाणा दाखवता येतो, जाणवून देता येत नाही. कसोट्या तेथेही याच.

७

सर्वांत चांगल्या कृती मात्र अजून छापल्याच गेलेल्या नाहीत. त्या घराघरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातांत आहेत. त्या मिळवण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांना एकच उत्तर मिळाले असेल : “त्यात काय लिहायचं? अंदाजानं घालायचं.” या उत्तराने निराश होऊन अनेक जण परततात, आणि अंदाज ही उपजत देणगी आहे, ती सांगता येत नाही, असा समज दृढ होतो.

माझ्या मते येथे उत्तर चुकलेले नसून प्रश्न चुकलेला असतो. आपण विचारतो, “आजी, किती घालायचं?” त्यांनी आयुष्यात कधी मोजलेले नसते, त्या काय सांगणार? विचारावयाचे ते असे : “आजी, झालं हे तुम्ही कशावरून ओळखलं?” या प्रश्नाला उत्तर असते, आणि ते आश्चर्यकारक तपशिलाचे असते. पिठल्याचा बुडबुडा जड होऊन ‘फुस्स’ असा आवाज येऊ लागतो. भाकरीच्या पिठात गरम पाणी पुरेसे पडले की गोळा परातीला चिकटत नाही आणि थापताना कडा चिरत नाहीत. मेथीच्या भाजीचे पाणी आटले की कढईतला आवाज बदलतो. ज्याला आपण अंदाज म्हणतो तो म्हणजे अशा शेकडो खुणांचा अबोल संग्रह. तो उपजत नाही. पाहून, ऐकून, हुंगून मिळवलेला आहे. जे मिळवले गेले ते सांगता येते, फक्त विचारणाऱ्याला विचारता आले पाहिजे.

मापांसाठीही साधा उपाय आहे. मूठ भांड्यात जाण्यापूर्वी ती वाटीत रिकामी करून घ्यावी, मोजावी, आणि मग भांड्यात टाकू द्यावी. तिखट चिमटीने घालत असतील तर तीन चिमटी चमच्यावर काढून पाहाव्या. काम करणाऱ्याला अडवू नये, शिकवू नये आणि ‘पुस्तकात तर असे आहे’ असे तर मुळीच म्हणू नये. एकच पदार्थ दोन निरनिराळ्या दिवशी पाहावा. जे दोन्ही दिवशी सारखे राहिले ते कृतीचे मर्म, जे बदलले ते त्या दिवसाच्या भाजीचे, पाण्याचे, हवेचे. पाठचिकित्सा करणारा अभ्यासक दोन पोथ्या ताडून पाहतो, त्याहून ही पद्धत वेगळी नाही.

येथे एक गंभीर मुद्दा आहे. ‘मराठी स्वयंपाक’ या नावाने जे छापले गेले ते प्रामुख्याने लिहित्या, शहरी, वरच्या जातींच्या घरांतील होते. पुस्तके लिहिणाऱ्यांनी आपले स्वयंपाकघर प्रामाणिकपणे लिहिले; दोष त्यांचा नव्हे. परंतु ज्यांच्या घरांपर्यंत लेखणी पोचली नाही त्यांचे रोजचे अन्न अलिखित राहिले, आणि जे अलिखित राहिले ते जणू नव्हतेच असे ठरले. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील दलित समाजाचे अन्न, मांसाच्या तुकड्यातुकड्याचा वापर, टंचाईतील युक्त्या, रानातल्या भाज्या यांची नोंद त्यात झाली. पुस्तकाचे नावच रूढ पूर्णत्वाला दिलेले प्रत्युत्तर आहे. या पुस्तकाने पाककृती आणि इतिहास यांतील भिंत पाडली. दुष्काळी दिवसांत भाकरी कशाची करीत आणि ती मोडू नये म्हणून काय करीत, हा प्रश्न जितका स्वयंपाकाचा तितकाच समाजशास्त्राचा. रोजच्या स्वयंपाकाच्या कृती शोधणे म्हणजे केवळ आपल्या जेवणाची सोय करणे नव्हे, हे यावरून लक्षात यावे.

८

लिहिल्याने हाताची चव नाहीशी होते, कृती यांत्रिक होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मापांपुरता त्यात तथ्यांश आहे. केवळ मापांची कृती सर्वांच्या घरी एकच पदार्थ घडवू पाहते, आणि तो कोणाच्याच घरचा राहत नाही. पण खुणांची कृती तसे करीत नाही. ‘कच्चा वास जाईपर्यंत’ असे म्हणणारा लेखक वाचकाला स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवावयास सांगतो. तो हाताची चव हिरावून घेत नाही, हात तयार करतो. नाटकाच्या संहितेतील कंसांतल्या रंगसूचना नटाला बांधून ठेवीत नाहीत, त्याला उभे राहण्याची जागा देतात. तशाच या खुणा होत.

म्हणून ज्यांना चांगली कृती हवी त्यांनी प्रथम खूण शोधावी, आणि ज्यांना चांगली कृती लिहावयाची आहे त्यांनी प्रथम खूण लिहावी. मराठीत या खुणांसाठी शब्द आहेत, ते सांगणारी माणसेही अद्याप आहेत. परप्रांतात राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या घरातील पंधरा-वीस रोजच्या पदार्थांची वही या रीतीने सिद्ध केली, तर पुढच्या पिढीच्या हाती आमटी येईलच. आणि भाजणे, परतणे, आळणे, मुरणे या शब्दांचे अर्थही कोशात न शोधता कढईत सापडतील.